रविवारची सुटी मागणारा मनुष्य : नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या गावचा मुलगा शहरात कारखान्यात कामास लागला, म्हणजे आठवड्यातून एक दिवस त्यास विसावा मिळतो, हे आपण गृहीतच धरतो. परंतु मुंबईच्या गिरण्यांत ही सुटी कोणी आपण होऊन दिली नाही. ती पुष्कळ वर्षे मागावी लागली.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत व टपालखात्यात चाकरी केली, आणि पुढे ते एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी मजुरांचे हाल प्रत्यक्ष पाहिले. स्त्रीपुरुष दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत; विसाव्याचा ठरलेला दिवस नसे; पगार उशिरा हाती पडे; यंत्रात हात सापडला तर पोटाची पंचाईत होई. लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची धुरा आपल्या खांद्यावर घेतली व मजुरांची दुःखे सरकारपुढे मांडू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे मजुरांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. मागण्या साध्याच होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. सहा वर्षे सुटी मिळाली नाही. तरी लोखंडे खचले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार मजूर एकत्र जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

१८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता त्याच रोगाने लोखंडे यांचा अंत झाला. जखमी मजुराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली, व वेळेवर पगाराचा १९३६ साली झाला. ते पाहावयास ते उरले नव्हते.

बंधुभगिनींनो, न्याय्य मागणी एकोप्याने, लेखी व निर्भयपणे करावी, आणि उत्तर न आल्यास पुन्हा करावी, हे ह्या चरित्रावरून आपण शिकावे. परंतु आणखी एक गोष्ट मनास विचारावी. रविवारी आपण उपासनेस जातो, तेव्हा आपल्या शेतावरच्या मजुरास विसावा असतो काय? आणि त्याची मजुरी त्याच्या हाती वेळेवर पडली आहे काय?