बाबा पदमनजी आणि त्यांची पहिली कादंबरी

जुन्नर शहरांत एके काळीं हातकागद होत असे. चिंध्या व गोणपाट भिजवून, कुटून, त्यांचा लगदा साच्यावर पसरून, वाळवून आणि घोटून केलेला जुन्नरी कागद मराठेशाहींत नांवाजलेला होता. ते कारखाने आतां राहिले नाहींत. आंबेगांव तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें, तें जुनें आंबेगांव तर डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. कारखाने बंद पडतात, गांवें बुडतात. मागें उरतें तें कोणीं लिहून ठेविलें असेल तेवढेंच. यावरून लिहिणाराचें काम किती मोलाचें आहे हें विद्यार्थी मित्रांच्या ध्यानांत येईल.

परंतु कागद हातीं आला म्हणजे लिहिणें साधलें असें नाहीं. या दोन तालुक्यांतील कित्येक मुलें मोठ्या हौसेनें गोष्ट लिहावयास बसतात व दोन पानांनंतर लेखणी खालीं ठेवितात. पुढें काय लिहावें हें सुचत नाहीं. सुचलें तर तें कसें सांगावें हें कळत नाहीं. आणि आपण कोणी पंडित नव्हे, मग आपलें कोण वाचणार, ही शंका मनास खात असते. अशा मुलांसाठीं ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आज सांगणार आहों, त्यांच्यापुढें या सर्व अडचणी तर होत्याच, शिवाय आणखी एक मोठी अडचण होती. त्यांनीं कादंबरी लिहिली तेव्हां मराठींत स्वतंत्र कादंबरी अशी वस्तुच नव्हती. त्यांचें नांव बाबा पदमनजी.

बाबांचा जन्म 1831 सालीं बेळगांव येथें कासार ज्ञातींत झाला. वडील पदमनजी हे सरकारी नोकरींत होते. घरांत देवधर्म, पूजाअर्चा व व्रतवैकल्यें मनोभावें चालत, आणि लहानपणीं बाबांचीही त्यांवर पूर्ण निष्ठा होती. बेळगांवांत लंडन मिशनची शाळा होती. तींत त्यांचा इंग्रजी विद्येशीं परिचय झाला. पुढें ते मुंबईस गेले व तेथें फ्री चर्चच्या शाळेंत शिकूं लागले. त्या काळीं मुंबईंत नव्या विचारांचें वारें वाहत होतें. जातिभेद मोडावा व एका परमेश्वराची भक्ति करावी या उद्देशानें 1849 च्या सुमारास कांहीं सुशिक्षित मंडळींनीं परमहंस सभा स्थापिली होती. सभेचें काम गुप्तपणें चाले. बाबा या सभेंत सामील झाले. परंतु जें सत्य वाटतें तें दार लावून बोलावें आणि बाहेर आल्यावर पूर्वीप्रमाणेंच वागावें, हें त्यांच्या स्वभावास फार दिवस मानवलें नाहीं. पुष्कळ विचारांतीं 1854 सालीं त्यांनीं बेळगांव येथें बाप्तिस्मा घेतला. तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें.

या एका कृत्यानें त्यांचें घर, गणगोत व ज्ञाति हीं सर्व त्यांना अंतरलीं. लहान वयांत जिच्याशीं लग्न झालें होतें ती पत्नीही त्यांच्यासह नांदावयास आली नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं ख्रिस्ती मंडळींत त्यांनीं नवा संसार मांडला. तथापि मधलीं वर्षें एकाकीपणाचीं होतीं, आणि याच वर्षांत त्यांच्या हातून 'यमुनापर्यटन' हें पुस्तक लिहिलें गेलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

स्त्रियांच्या स्थितीचा विचार मात्र त्यांच्या मनांत धर्मांतरानंतर उत्पन्न झाला असें नाहीं. बाप्तिस्म्यापूर्वीं, 1852 सालींच, त्यांनीं स्त्रीविद्याभ्यासावर निबंध लिहिला होता. त्या काळच्या विधवांची अवस्था आजच्या मुलामुलींस ऐकूनही खरी वाटणार नाहीं. वरिष्ठ समजल्या जाणाऱ्या ज्ञातींत आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न होई. ती नांदावयास जाण्यापूर्वींच नवरा मेला तरी ती जन्माची विधवा. ब्राह्मणांच्या घरीं तिचें केशवपन होई. एक वेळचें जेवण, जाडेंभरडें लुगडें, घरांतील सर्व कष्ट आणि वर अपशकुनी म्हणून उपहास, हें तिच्या वाट्यास येई. 1856 सालीं सरकारनें विधवाविवाहास कायद्याची मान्यता दिली; परंतु कायदा झाला म्हणून रूढि हलली नाहीं. महाराष्ट्रांत ब्राह्मण विधवेचा गाजलेला पुनर्विवाह मुंबईस झाला तो 1869 सालीं, म्हणजे कायद्यानंतर तेरा वर्षांनीं. कायद्याचा कागद आणि लोकांचें मन यांमध्यें जें अंतर होतें, तें निबंधानें तुटण्याजोगें नव्हतें. निबंध बुद्धीस पटवितो; परंतु शेजारच्या घरांतील रडणें ऐकूनही ज्यांचें मन हललें नव्हतें, त्यांना तें रडणें पुन्हा ऐकवावयाचें तर गोष्टच सांगितली पाहिजे. बाबा निबंधकाराचे गोष्टकार झाले ते अशा प्रसंगीं.

आतां त्यांच्यापुढील अडचणींचा विचार करूं. पहिली अडचण नमुन्याची. मराठींत तेव्हां बखरी होत्या, पुराणकथा होत्या, शाळेसाठीं केलेलीं नीतिपर भाषांतरें होतीं. हरि केशवजी यांनीं 1841 सालीं बन्यनच्या प्रसिद्ध ग्रंथाचें 'यात्रिकक्रमण' या नांवानें भाषांतर केलें होतें. परंतु आपल्याच काळांतील, आपल्याच गांवांतील साध्या माणसांचें सुखदुःख गद्यांत सांगणारें स्वतंत्र पुस्तक नव्हतें. अशा पुस्तकास काय म्हणावें तेंही ठरलें नव्हतें. बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचें नांव घेऊन कादंबरी हा शब्द मराठींत या अर्थानें पुढें रूढ झाला. बंगालींत मिसेस मलेन्स यांची 'फुलमणि ओ करुणा' 1852 सालीं निघाली होती, आणि बंगाली कादंबरीचा आरंभ म्हणून पुष्कळ लोक जिच्याकडे बोट दाखवितात ती 'आलालेर घरेर दुलाल' पुस्तकरूपानें 1858 सालीं आली. म्हणजे आपला हा सव्वीस वर्षांचा बेळगांवकर तरुण सर्व हिंदुस्थानांत या वाटेनें निघालेल्या पहिल्या चारदोन माणसांपैकीं होता.

दुसरी अडचण रचनेची. एका विधवेची कथा सांगावी तर वाचक म्हणणार, हें एखाद्या घरचें दुर्दैव आहे, रूढीचा काय दोष? पुष्कळ विधवांच्या कथा सांगाव्या तर त्यांना एकत्र बांधणारा दोरा कोणता? येथें बाबांनीं जी युक्ति योजिली ती नवशिक्यास साजेल अशी साधी व तरीही उत्तम आहे. त्यांनीं यमुना नांवाची, मिशनच्या शाळेंत शिकलेली, एक तरुण स्त्री कल्पिली. विनायक नांवाचा समंजस पति तिला दिला. आणि दोघांना प्रवासास पाठविलें. जेथें मुक्काम पडे तेथें कोणी दुःखी विधवा भेटे; यमुना तिची हकीकत ऐके आणि पतिपत्नी आपसांत तिचा विचार करीत. पर्यटन हाच दोरा झाला. पुस्तकांत वर्णिलेले प्रसंग निव्वळ कल्पनेचे नसून बहुतांशीं घडलेल्या गोष्टींवर आधारलेले आहेत, असें त्यांनीं वाचकांस प्रस्तावनेंत सांगितलें. ज्याला कल्पनेचा भरंवसा वाटत नाहीं, त्यानें डोळे व कान उघडे ठेवून प्रवास करावा, हा धडा त्यांत आहे.

तिसरी अडचण भाषेची. त्या काळचें छापील मराठी गद्य पंतोजींचें गद्य होतें. शास्त्रीमंडळींच्या व शाळाखात्याच्या हाताखालीं तें वाढलेलें. व्याकरणास धरून, पण ताठर. सासू सुनेस कशी बोलते, मायलेकी एकान्तांत कशा बोलतात, हें त्या गद्यास ठाऊक नव्हतें. बाबांस स्त्रियांच्या तोंडीं संभाषण घालावयाचें होतें. त्यांनीं तें घातलें. आणि जेथें बायका आपल्याच घरगुती भाषेंत बोलतात, तेथें पुस्तक आजही जिवंत वाटतें. शब्दांची उणीव मात्र त्यांना चांगलीच जाणवली असावी असें आम्हांस वाटतें. कारण यानंतर लवकरच, 1860 सालीं, त्यांनीं 'शब्दरत्नावली' हा समानार्थी शब्दांचा संग्रह केला व 1863 सालीं मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाचा सुटसुटीत संक्षेप तयार केला. हा संक्षेप पुढें अनेक वर्षें विद्यार्थ्यांच्या नित्य वापरांत होता.

चौथी अडचण वाचकांची, आणि ती सर्वांत बिकट. ज्या विधवांसाठीं पुस्तक लिहावयाचें त्यांना अक्षरओळख नव्हती. ज्या गृहस्थांना वाचतां येत होतें ते बाटलेल्या माणसाचें पुस्तक म्हणून नाक मुरडणार. ख्रिस्ती मंडळी मूठभर. अशा स्थितींत एखाद्यानें लेखणी ठेविली असती तर त्यास कोणीं दोष दिला नसता. परंतु बाबांनीं पुस्तक पुरें केलें, आणि 1857 सालीं तें छापून निघालें. त्याच वर्षीं उत्तरेस बंडाचा वणवा पेटला होता, मुंबईस विद्यापीठाची स्थापना झाली, आणि मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. एवढ्या गडबडींत एका लहानशा पुस्तकाकडे किती लोकांचें लक्ष गेलें असेल? तरीही मराठी कादंबरीचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आरंभ या पुस्तकापासूनच करावा लागतो.

पुस्तकांत दोष आहेत, आणि ते झांकून ठेवणें बाबांनाही आवडलें नसतें. ठिकठिकाणीं कथा थांबते व उपदेश सुरू होतो. विनायक पुष्कळदां नवऱ्याप्रमाणें न बोलतां व्याख्यात्याप्रमाणें बोलतो. वादविवाद लांबतात आणि वाचकाचें मन यमुनेकडे परत जाण्यास उतावीळ होतें. यामुळें कांहीं टीकाकार या पुस्तकास कादंबरी म्हणण्यास कचरतात व 1861 सालच्या हळबेशास्त्र्यांच्या 'मुक्तामाले'कडे वळतात. ज्याच्या हृदयांत सांगण्याची तळमळ फार असते त्याच्या पहिल्या पुस्तकांत हा दोष हटकून येतो. त्याला वाटतें, गोष्टीनें वाचकास पुरतें कळणार नाहीं, आपण स्वतः उभें राहून समजावून सांगितलें पाहिजे. शिक्षकाचा धंदा करणाऱ्या आम्हांस तर हा दोष चांगलाच परिचयाचा आहे.

परंतु एके ठिकाणीं या नवशिक्या लेखकानें जें केलें तें निष्णात लेखकासही भूषण व्हावें. अर्धें पुस्तक यमुना दुसऱ्यांचीं दुःखें ऐकत असते. ती सहृदय आहे; पण कितीही झालें तरी ती सुखांत असलेली, कुंकवाची धनीण. बाबांनीं प्रवासांतच विनायकास अपघाती मृत्यु आणिला. काल जी विधवांचे डोळे पुसत होती ती आज स्वतः विधवा झाली; जें इतरांचें पाहिलें तें तिच्या वाट्यास आलें. आतां लेखकास उपदेश करण्याचें कारणच उरलें नाहीं. यमुनेबरोबर प्रवास करीत आलेला वाचकही तिच्याबरोबर त्या दुःखाच्या घरांत शिरतो. अखेरीस यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुन्हा विवाह करून सुखी होते. हा शेवट सर्वांस मान्य झाला नाहीं व होणारही नव्हता. तथापि विधवेस पुढें आयुष्य आहे हें मराठी कथेंत सांगण्याचें धैर्य प्रथम या पुस्तकानें दाखविलें.

बाबांनीं पुढें कादंबरीकार म्हणून नांव मिळविण्याचा हव्यास धरिला नाहीं. त्यांनीं 'सत्यदीपिका' पत्र चालविलें, 'ज्ञानोदया'च्या संपादनांत हात दिला, पुण्यास पाळकाचें काम केलें, नव्या करारावर टीका लिहिली, आणि 'अरुणोदय' या नांवानें आपलें आत्मचरित्र लिहिलें. मराठींतील आरंभींच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. लहानमोठीं मिळून त्यांचीं पुस्तकें शंभराच्या वर भरतात. 1906 सालीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातींतच एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. 1890 पासून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तिची नायिका पुण्यातील ब्राह्मण घरांतली. तिलाही वैधव्य येतें. आणि तिचेंही नांव यमुना. आपटे यांची कला कितीतरी अधिक पक्व. त्यांची यमू स्वतःच आपली कथा सांगते आणि मध्यें कोणी व्याख्यान देत नाहीं. परंतु तेहतीस वर्षांपूर्वीं एक अडखळणारी यमुना त्या वाटेनें चालून गेली होती, म्हणून वाट अगदींच रानांतली राहिली नव्हती.

आपल्या जुन्नर तालुक्यांत नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तो समजला जातो. त्यांत यज्ञांची व दानांची मोठी यादी आहे, आणि पतीमागें उपवास करीत घरांतच तपस्विनीप्रमाणें राहणाऱ्या राणीचेंही वर्णन आहे. तें वैभव दगडावर राहिलें. पण त्या उपवासाच्या दिवसांत राणीच्या मनांत काय चाललें होतें तें कोणी लिहिलें नाहीं. शिलालेखाचें तें कामही नव्हे. तें काम गोष्ट लिहिणाराचें.

तेव्हां, मित्रहो, ज्या कोणास दोन पानांवर अडून बसल्यासारखें वाटत असेल, त्यानें या गृहस्थांची आठवण ठेवावी. नमुना नव्हता, भाषा तयार नव्हती, वाचक नव्हते आणि घरही मोडलेलें होतें. जवळ एवढेंच होतें कीं, एक दुःख त्यांनीं नीट पाहिलें होतें व तें सांगितल्यावांचून त्यांना राहवत नव्हतें. तुमच्या आळींत, तुमच्या वाडीवर असें एखादें माणूस असेल, ज्याची हकीकत कोणी ऐकून घेतलेली नाहीं. आधीं त्याच्याजवळ बसावें व तें काय सांगतें तें ऐकावें. तिसरें पान मग सुचेल.