विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांनी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर कसा घडवला?

नवा गिटार अ‍ॅम्प्लिफायर दुकानात ऐकला की झकास वाटतो. तोच बँडच्या रिहर्सलला नेला, मागे ड्रम आणि शेजारी बास सुरू झाला, की गिटार वाजते आहे की नाही हेच कळेनासे होते. मग आवाज वाढवायचा, तो फाटतो, गायक वैतागतो आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटू लागतात. सुमारे पाऊण शतकापूर्वी कॅलिफोर्नियातील एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी हा प्रश्न इतका मनावर घेतला, की आज जगभर वाजणाऱ्या कितीतरी अ‍ॅम्पच्या मुळाशी त्यांचीच रचना सापडते. त्यांचे नाव लिओ फेंडर. गंमत म्हणजे त्यांना गिटार वाजवता येत नव्हती, ती सुरात लावताही येत नव्हती.

हिशेबनीस ते रेडिओ दुरुस्ती…

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातील फुलरटन-अ‍ॅनाहाइम परिसरातील एका शेतकरी कुटुंबात झाला. आठव्या वर्षी गाठीमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर काचेचा डोळा राहिला. लहानपणी ते पियानो आणि सॅक्सोफोन थोडेफार शिकले, पण मन रमले ते विजेच्या वस्तूंत. एका नातेवाईकाचे मोटारींच्या विद्युत कामांचे दुकान होते. तिथे पाहिलेला घरगुती बनावटीचा रेडिओ आणि त्याच्या स्पीकरमधून येणारा खणखणीत आवाज या मुलाच्या डोक्यातून गेला नाही.

शिक्षण मात्र झाले हिशेबाचे. बर्फाच्या कंपनीत नोकरी करत असताना एका बँडप्रमुखाने त्यांच्याकडून नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी सहा ध्वनिक्षेपण संच बनवून घेतले. पुढे महामार्ग विभागात हिशेबनीस म्हणून काम मिळाले, पण महामंदीत ते गेले. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलरटनमध्ये ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले. रेडिओ दुरुस्ती, तबकड्यांची विक्री आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देणे, असा तो व्यवसाय होता. याच दुकानात स्थानिक वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन येऊ लागले.

पुढचे सगळे या दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झाले. अ‍ॅम्पचा कोणता भाग आधी जळतो, कोणती जोडणी गाडीत हादरे बसून सुटते, कोणता स्क्रू काढायला तासभर लागतो, हे दुरुस्ती करणाऱ्याला जितके कळते तितके बनवणाऱ्याला कळत नाही. फेंडर यांच्या अ‍ॅम्पमधील भाग त्यामुळेच सहज हाताशी येत. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, याचा तक्ता पेटीच्या आतच चिकटवलेला असे. गिटारची मान स्क्रूने बसवण्यामागेही हाच विचार होता. खराब झाली की काढा आणि दुसरी लावा.

अ‍ॅम्प नेमके करतो काय?

विजेच्या गिटारची तार चुंबकाजवळ थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतलहर निर्माण होते. अ‍ॅम्पमधील व्हॉल्व्ह ती लहर टप्प्याटप्प्याने मोठी करतात. शेवटी एक ट्रान्सफॉर्मर ती स्पीकरला पेलेल अशा स्वरूपात पोहोचवतो आणि स्पीकरचा कागदी शंकू पुढे-मागे हलून हवा ढकलतो. या साखळीतील सर्वात दुबळी कडी जिथे असेल, तिथे आवाज आधी फाटतो आणि मग धूर निघतो.

अनेकांचा गैरसमज होतो तो वॉटबाबत. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. १० वॉटचे २० केले तर कानाला जेमतेम फरक जाणवतो, दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. शिवाय आवाज मोठा असणे वेगळे आणि बँडमध्ये तो सुटा ऐकू येणे वेगळे. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारे खर्जाचे स्वर बास आणि ड्रमच्या गदारोळात बुडून जातात, वर तरंगतात ते टोकदार, चकचकीत स्वर. फेंडर यांच्या गिटार आणि अ‍ॅम्पचा आवाज असा लख्ख का, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. त्यांचे सुरुवातीचे ग्राहक होते कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे. नाचणाऱ्यांनी गजबजलेल्या हॉलमध्ये त्यांना आपली गिटार ऐकू यायला हवी होती.

स्वतः वाजवता येत नसताना चाचणी कशी घेत?

दुसऱ्यांच्या हाती देऊन! १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्याबरोबर भागीदारीत त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली. कॉफमन वर्षभरात बाहेर पडले. मग फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली. वादकांची तिथे सतत ये-जा असे. नवा नमुना तयार झाला की तो बिल कार्सनसारख्या वादकाकडे जाई. कार्सन तो रात्री कार्यक्रमात वाजवत आणि काय खटकले ते येऊन सांगत. १९५३ पासून फ्रेडी टव्हारेस हे कसलेले वादकच कंपनीत दाखल झाले. फेंडर स्वतःही संध्याकाळी क्लबमध्ये जाऊन ऐकत बसत.

या पद्धतीत एक शहाणपण होते. ज्याला वाजवता येते तो आपल्याला आवडेल असा आवाज बनवतो. ज्याला येत नाही, त्याला ऐकून घ्यावेच लागते. १९५० च्या सुमारास सलग लाकडाची गिटार, १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. प्रिसिजन बासमुळे उभा अवाढव्य बास ओढत नेण्यातून वादकांची सुटका झाली. या बाससाठी काढलेला ‘बासमन’ अ‍ॅम्प गिटारवादकांनीच पळवला, ही गोष्ट वेगळी.

डिक डेल यांनी अ‍ॅम्प जाळले ते का?

रिहर्सलच्या खोलीत उत्तम चालणारा अ‍ॅम्प प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलमध्ये का कोसळतो, हे फेंडर यांना शिकवले ते डिक डेल या तरुणाने. डेल डावखुरे होते आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा न बदलता वाजवत. तारा जाडजूड आणि घाव मशीनगनसारखा. समुद्राच्या लाटांवर स्वार होताना अंगात भिनणारा गडगडाट त्यांना गिटारमधून हवा होता. फेंडर यांनी त्यांना गिटार आणि अ‍ॅम्प देऊन वाजवून पाहायला सांगितले. डेल यांनी अ‍ॅम्प जाळला. दुसरा दिला, तोही जाळला. स्पीकरचे शंकू फाटले, वेटोळी करपली. असे चाळीसहून अधिक अ‍ॅम्प गेले, असे डेल सांगत. आकडा त्यांचाच आहे, तेव्हा थोडे मीठ गृहीत धरायला हरकत नाही.

फेंडर यांच्यापुढचा पेच साधा होता. त्यांच्या टेबलावर तोच अ‍ॅम्प पुरेसा, किंबहुना जास्तच मोठा वाटत होता. एवढा आवाज कुणाला कशाला हवा? डेल यांच्या सांगण्यानुसार अखेर फेंडर आणि टव्हारेस स्वतः बाल्बोआ येथील रॉन्देव्हू बॉलरूममध्ये गेले. तिथे हजारो तरुण नाचत होते. त्या गर्दीच्या मधोमध उभे राहिल्यावर कोडे उलगडले. माणसांची शरीरे आणि कपडे आवाज शोषून घेतात, त्यात भर गर्दीच्या कोलाहलाची. रिकाम्या खोलीत कानठळ्या बसवणारा अ‍ॅम्प इथे चिरकत होता.

उपाय एका भागापुरता नव्हता. नुसती शक्ती वाढवली तर स्पीकर जळणार, नुसता स्पीकर बदलला तर ट्रान्सफॉर्मर कमी पडणार. त्यामुळे मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, तगडे व्हॉल्व्ह आणि जेबीएल कंपनीचा १५ इंची दणकट स्पीकर असा सगळा संच नव्याने जुळवावा लागला. स्पीकरची पेटी अ‍ॅम्पपासून वेगळी करण्यात आली. १९६० च्या सुमारास आलेल्या या अ‍ॅम्पचे नाव ‘शोमन’. पुढे दोन स्पीकरांचा ‘ड्युअल शोमन’ही निघाला. मोठ्या रंगमंचावरच्या रॉक संगीताची तयारी अशी एका नाचघरात झाली.

नको असलेला आवाजच लोकप्रिय झाला?

फेंडर यांना आवाज स्वच्छ हवा होता, तो फाटणे हा त्यांच्या लेखी दोष. वादकांना मात्र नेमका तो फाटका, गुरगुरणारा आवाज आवडू लागला. १९६२ मध्ये लंडनमधील दुकानदार जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बासमन’ समोर ठेवून, जवळपास त्याच आराखड्यावर पहिला मार्शल अ‍ॅम्प बनवला. भाग स्थानिक मिळाले ते वापरले, त्यामुळे आवाज थोडा रांगडा झाला आणि ब्रिटिश रॉकला तोच हवा होता.

कंपनी विकली, काम सुटले नाही

सायनसच्या जुनाट संसर्गाने फेंडर वर्षानुवर्षे बेजार होते. आपण फार जगणार नाही, या समजातून त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरला विकली. त्यानंतर डॉक्टर बदलला आणि ते बरे झाले! कंपनी मात्र परत येणार नव्हती. सीबीएसच्या काळात दर्जा घसरल्याची तक्रार वादक आजही करतात आणि जुने ‘सीबीएसपूर्व’ अ‍ॅम्प चढ्या किमतीला विकले जातात.

फेंडर यांनी १९७० च्या दशकात ‘म्युझिक मॅन’ आणि त्यानंतर जॉर्ज फुलरटन यांच्यासह ‘जी अँड एल’ कंपनीत काम केले. पत्नी एस्थर यांचे १९७९ मध्ये निधन झाले, पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी ते प्रयोगशाळेत येत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९९२ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. फुलरटनमधील ‘जी अँड एल’च्या कारखान्यातील त्यांची कामाची खोली त्यांच्या मागे तशीच जपून ठेवण्यात आली.