शरफोजी महाराज आणि त्यांची कोरवंजी

तंजावरचे दुसरे शरफोजी महाराज म्हटले की सरस्वती महाल ग्रंथालय, धन्वंतरी महाल आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ चा मराठी शिलालेख यांचे स्मरण प्रथम होते. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्राचे मर्म नाटकातील एका पात्रात गवसते. ते पात्र म्हणजे कोरवंजी.

महाराजांचा जन्म १७७७ चा. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांस दत्तक घेतले आणि लगेच राजांचे निधन झाले. गादी अमरसिंहांकडे गेली. या अल्पवयीन वारसाच्या शिक्षणाची काळजी जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी वाहिली. १७९८ मध्ये महाराज सिंहासनावर बसले. परंतु पुढील वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि महाराजांच्या हाती तंजावरचा किल्ला व भोवतालचा परिसर एवढाच उरला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

असा राजा विलासात बुडाला असता तर नवल नव्हते. महाराजांनी ग्रंथ जमविले, पाठशाळा काढली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारून इसापच्या कथा मराठीत छापविल्या. पण छापील पुस्तक वाचणारे थोडे, नाटक पाहणारे पुष्कळ.

तमिळ रंगभूमीवरील कुरवंजी म्हणजे डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी स्त्री. नाटक बदलते, नायक बदलतो. कोठे तो कुट्रालमचा शिव असतो, कोठे एखादा राजा. विरहिणी नायिकाही बदलते. ही मात्र तीच. ती आपला डोंगर व हिंडलेले देश वर्णन करते, हात पाहते आणि मीलनाचे शुभ भाकीत सांगते. प्रेक्षक तिला पाहताच ओळखत असत.

या ओळखीचाच महाराजांनी उपयोग करून घेतला. ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी तिच्या मुखी पृथ्वीचा नवा भूगोल घातला. देशांचे वर्णन हा तिचा जुनाच धर्म असल्यामुळे दूरच्या खंडांची नावेही तिच्या तोंडी शोभून दिसतात. ज्यांची सत्ता किल्ल्यापुरती उरली, त्यांची कोरवंजी मात्र पृथ्वीप्रदक्षिणा करून आली!

पुढे शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली. तीत नायक स्वतः शरफोजी महाराज. बृहदीश्वराच्या मंदिरात तिचे प्रयोग होत. मराठी राजाने तमिळ भूमीचे पात्र आपल्या भाषेत आणले. तमिळ कवीने त्या राजाला आपल्या नाटकात नेले. या देवघेवीस तहाचे कलम लागले नाही.

१८३२ मध्ये महाराज निवर्तले आणि १८५५ मध्ये राज्यही खालसा झाले. ग्रंथालय व ते नाटक मागे राहिले. महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्या मंडळास याहून जवळचा पूर्वज कोणता असणार? परभूमीत आपली भाषा टिकते ती शेजाऱ्यापासून दार लावून नव्हे. त्याची कोरवंजी आपल्या अंगणात बोलावून, असे आम्हांस वाटते.