डॉ. वेणू बाप्पू : ताऱ्यांचा प्रकाश वाचणारा विद्यार्थी

अमावास्येच्या आगेमागे एखाद्या निरभ्र रात्री येलदरीच्या जलाशयाकाठी आपण कधी उभे राहिला आहात काय? पलीकडच्या काठावर एक दिवा मिणमिणत असतो. तो जवळच्या झोपडीतील लहानसा कंदील आहे, की दूरच्या रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीचा प्रखर दिवा, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. लहान दिवा जवळ असला काय आणि मोठा दिवा लांब असला काय, डोळ्याला दोन्ही सारखेच. आता मान वर करून आकाशाकडे पाहा. तेथेही हाच घोटाळा आहे. शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी जवळचा कोणता व दूरचा कोणता, हे ओळखायचे कसे? हा प्रश्न ज्यांनी बऱ्याच अंशी सोडविला, त्यांपैकी एक थोर शास्त्रज्ञ आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यात लहानाचे मोठे झाले. त्यांचे नाव डॉ. वेणू बाप्पू. त्यांचे चरित्र आपल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनीही जाणून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. घराणे मूळचे केरळातील कण्णूरकडचे. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. मुलगा एकुलता एक. घरी दौलत नव्हती. पण वडिलांच्या कामाच्या जागी एक गोष्ट अशी होती, की जी भल्याभल्या श्रीमंतांच्या मुलांना मिळत नाही. ती म्हणजे मोठी दुर्बीण.

ही वेधशाळा कशी उभी राहिली, तेही ऐकण्यासारखे आहे. हैदराबादेतील एक उमराव नवाब जफर जंग यांना आकाशनिरीक्षणाचा छंद होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने पंधरा इंची दुर्बीण विकत घेतली आणि १९०१ साली वेधशाळेचा पाया घातला. १९०७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर राज्य सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, बेगमपेठेत नेली व तिचे काम पुढे चालविले. सगळ्या जगातील वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करण्याचे जे प्रचंड काम हाती घेतले होते, त्यातील एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला आणि येथील मंडळींनी वर्षानुवर्षे छायाचित्रे घेऊन लाखो ताऱ्यांची मोजदाद केली. एका माणसाच्या छंदातून एक संस्था जन्माला आली आणि त्या संस्थेच्या अंगणात, पुढे एका कर्मचाऱ्याचा मुलगा खेळू लागला. दानाचे फळ कोणाच्या पदरात पडेल, हे दान करणाऱ्याला ठाऊक नसते ते असे.

लहानग्या वेणूला वडिलांनी आकाश दाखविले. मुलगा नुसता पाहत राहिला नाही, लिहू लागला. काही तारे नियमितपणे उजळतात आणि मंदावतात. त्यांना चलतारे किंवा बदलते तारे म्हणतात. अशा ताऱ्याची चमक त्याच्या शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहायची आणि वेळेसह टिपून ठेवायची, हे काम तो निष्ठेने करू लागला. निजाम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत असतानाच या विषयावरील त्यांचे लेख शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात ठेवा. पदवी नंतर आली. वही आधी होती.

पुढील शिक्षणासाठी हैदराबाद सरकारने त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तो काळ राज्यातील मोठ्या उलथापालथीचा होता. १९४८ साल कसे गेले, हे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. त्या धामधुमीतही शिष्यवृत्ती टिकली आणि १९४९ च्या आरंभी हा तरुण हार्वर्डला पोहोचला. वाचकहो, १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. सरकारी खजिना म्हणजे काय? जिंतूर, परभणी, वसमत येथील शेतकऱ्यांनी भरलेला सारा त्यातच जात होता. म्हणजे या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला, नकळत का होईना, आपल्या वाडवडिलांचाही हात लागला आहे.

हार्वर्डला जाऊन काही महिनेच झाले होते. २ जुलै १९४९ रोजी आकाशाचे एक छायाचित्र न्याहाळताना वेणू बाप्पूंना एक अनोळखी ठिपका दिसला. दुसरा एखादा असता तर काचेवरचा डाग समजून पुढे गेला असता. त्यांनी तो सोडला नाही. त्यांचे प्राध्यापक बोक व सहाध्यायी न्यूकर्क यांच्यासह त्याचा पाठपुरावा केला आणि तो नवा धूमकेतू निघाला. बाप्पू-बोक-न्यूकर्क असे त्याचे नाव पडले. या शोधाबद्दल त्यांना डोनोहो पदक मिळाले.

१९५२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर मानाची कार्नेगी अभ्यासवृत्ती मिळून ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन व पालोमार वेधशाळांत दाखल झाले. पालोमारची २०० इंची दुर्बीण ही त्या काळी जगातील सर्वांत मोठी. तेथेच ऑलिन विल्सन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ते काम केले, ज्यामुळे त्यांचे नाव खगोलशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेले. ते काम समजून घेण्यासाठी आपणांस थोडे थांबावे लागेल.

सूर्याचा प्रकाश लोलकातून गेला की सात रंगांचा पट्टा पडतो, हे शाळेत आपण पाहिले आहे. चांगल्या उपकरणातून तोच पट्टा पाहिला, तर त्यात असंख्य बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. जणू प्रत्येकाची अंगठ्याची निशाणीच. आपल्या हाडांत आणि घराला लावावयाच्या चुन्यात जे कॅल्शियम असते, त्याच्या दोन ठळक रेषा या पट्ट्याच्या जांभळ्या टोकाला दिसतात. त्यांपैकी एकीला शास्त्रज्ञ ‘के’ रेषा म्हणतात. सूर्यासारख्या व त्याहून थंड ताऱ्यांमध्ये या काळ्या रेषेच्या पोटात एक बारीकशी उजळ रेघ असते. विल्सन व बाप्पू यांनी १८५ ताऱ्यांच्या बाबतीत ही रेघ मोजली. त्यांना आढळले, की तारा मुळात जितका तेजस्वी, तितकी ही रेघ रुंद. सर्वांत मंद आणि सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या तेजात सुमारे दहा लाख पटींचे अंतर होते, तरीही हा नियम टिकून राहिला. १९५७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यालाच विल्सन-बाप्पू परिणाम म्हणतात.

आता जलाशयापलीकडचा तो दिवा आठवा. विजेच्या दिव्यावर तो किती वॅटचा, हे छापलेले असते. ते वाचता आले, तर दिसणाऱ्या उजेडावरून तो किती दूर आहे, याचे गणित शाळकरी मुलगाही करील. कारण दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौपट कमी होतो. ताऱ्याच्या अंगावर असा आकडा छापलेला आहे आणि तो कोठे वाचावयाचा, हे विल्सन व बाप्पू यांनी दाखवून दिले.

प्रकाशाचा पट्टा वाचण्याची ही विद्या केवळ ताऱ्यांच्या अंतरापुरती नाही. पूर्णा स्टेशनावर उभे राहिलात, तर येणाऱ्या इंजिनाची शिटी चढ्या सुरात व जाणाऱ्या इंजिनाची उतरत्या सुरात ऐकू येते. प्रकाशाचेही तसेच आहे. वस्तू दूर जात असेल, तर तिच्या रेषा पट्ट्याच्या तांबड्या टोकाकडे सरकतात. दूरदूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशात कॅल्शियमच्या याच रेषा अशा सरकलेल्या आढळल्या आणि विश्व प्रसरण पावत आहे, हे कळले. इ. स. ९६४ च्या सुमारास इराणात अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी आपल्या ग्रंथात देवयानी ताऱ्यांजवळील एका लहानशा ढगाची नोंद केली होती. तो ढग म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आहे, हे समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

कृष्णविवराचेही असेच. ते स्वतः प्रकाश बाहेर सोडत नाही, मग ते सापडते कसे? शेजारच्या ताऱ्यावरून. हंस राशीतील एका ताऱ्याच्या रेषा साडेपाच दिवसांच्या फेऱ्यात मागेपुढे सरकतात, असे १९७१ च्या सुमारास शास्त्रज्ञांना आढळले. म्हणजे तो तारा कोणाभोवती तरी फिरत होता. पण तो जोडीदार दिसत नव्हता. त्याचे वजन काढले तेव्हा ते कृष्णविवर असल्याची खात्री पटत गेली. न दिसणाऱ्याचा पत्ता दिसणाऱ्याच्या वागण्यावरून लागला.

एवढे यश मिळाल्यावर डॉ. बाप्पू अमेरिकेत राहिले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. सर्वांत मोठी दुर्बीण तेथे, सहकारी तेथे, मान तेथे. भारतात तेव्हा तशा दुर्बिणीचे नावही नव्हते. तरीही १९५३ साली ते परत आले. १९५४ च्या अखेरीस उत्तर प्रदेश सरकारच्या नव्या वेधशाळेचे काम त्यांनी वाराणसीत हाती घेतले आणि पुढच्याच वर्षी ती नैनितालच्या डोंगरात नेली. १९६० साली ते दक्षिणेतील जुन्या कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. वय अवघे तेहतीस.

कोडाईकनाल सूर्याच्या अभ्यासासाठी नावाजलेले. पण रात्रीच्या निरीक्षणासाठी तेथील ढग आड येत. डॉ. बाप्पूंनी नव्या जागेचा शोध सुरू केला. तमिळनाडूतील जव्वादू डोंगरात कावलूर नावाचे खेडे त्यांना पसंत पडले. ते इतके दक्षिणेस आहे, की आपल्याकडे दिसत नाहीत असे दक्षिण आकाशातील कितीतरी भाग तेथून दिसतात. मोठ्या दुर्बिणीची वाट पाहत ते बसले नाहीत. आपल्याच कार्यशाळेत ३८ सेंटिमीटरची दुर्बीण तयार करून १९६८ साली त्यांनी काम सुरू केले. आपले येलदरी धरण पूर्ण झाले, तेही याच साली. १९७२ मध्ये जर्मनीहून आणलेली एक मीटरची दुर्बीण तेथे बसली. मार्च १९७७ मध्ये युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून गेला आणि ग्रहाभोवतीच्या कड्यांचा शोध लागला. त्या रात्री ताऱ्याचा प्रकाश मधूनच मंदावल्याची नोंद कावलूरलाही झाली होती.

१९७१ साली कोडाईकनाल संस्थेला स्वायत्तता मिळून भारतीय खगोलभौतिकी संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्य ठाणे पुढे बंगलोरला गेले. १९७९ साली जगातील खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने डॉ. बाप्पूंना अध्यक्ष निवडले. १९८१ साली पद्मभूषण मिळाले. पण त्यांचे मन अडकले होते ते २३४ सेंटिमीटरच्या एका दुर्बिणीत. ती परदेशातून तयार आणावयाची नव्हती. तिचा आराखडा आपला, आरसा घासणारे हात आपले, यंत्रकाम आपले, असा त्यांचा आग्रह होता. काम लांबले. टीका झाली असेल. पण त्या कामातून तरुण तंत्रज्ञांची एक पिढी घडली.

ती दुर्बीण पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. पंचावन्नावा वाढदिवस होऊन नऊच दिवस लोटले होते. १९८५ च्या अखेरीस त्या दुर्बिणीने पहिल्यांदा ताऱ्यांचा प्रकाश टिपला. तेव्हा ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिला व वेधशाळेला वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले.

त्यानंतर साधारण वर्षभराने एक विलक्षण घटना घडली. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिण आकाशातील शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर, एका ताऱ्याचा स्फोट दिसला. असा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा स्फोट जवळजवळ चारशे वर्षांत झाला नव्हता. उत्तरेकडील बहुतेक मोठ्या वेधशाळांच्या क्षितिजावर तो येतच नव्हता. कावलूरहून मात्र तो क्षितिजालगत दिसला आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रकाशाचा पट्टा नोंदवून घेतला. जागा निवडणारा माणूस गेला होता. त्याची निवड कामास आली.

पालकहो, या चरित्रात चमत्कार कोठेच नाही. एका वडिलांनी आपल्या कामाची जागा मुलाला दाखविली. एका नवाबाने हौसेने घेतलेली वस्तू समाजाच्या कामी आली. एका सरकारने बिकट काळातही विद्यार्थ्याचा वजिफा बंद पडू दिला नाही. आणि त्या विद्यार्थ्याने मिळालेले परत केले, तेही कितीतरी पटींनी. आपला मुलगा किंवा मुलगी रात्री अंगणात उभी राहून काही विचारीत असेल, तर तिला झोप म्हणून सांगण्यापूर्वी क्षणभर तिच्याबरोबर वर पाहा. उत्तर आले नाही तरी चालेल. उद्या शिक्षकांना विचार, एवढे म्हणा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. कार्तिकापासून माघापर्यंत संध्याकाळी ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा दिसतो. हे नाव अरबी आहे. दर दोन दिवस एकवीस तासांनी तो मंदावतो. पाचेक तासांत त्याचा उजेड एक तृतीयांशावर येतो आणि तितक्याच वेळात पूर्ववत होतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. शिक्षकांकडून त्याची जागा समजून घ्या, शेजारच्या ताऱ्यांशी त्याची चमक ताडून पाहा आणि तारीख व वेळ घालून वहीत लिहा. हैदराबादच्या त्या मुलाने सुरुवात अशीच केली होती. येलदरीचे आकाश त्याच्या आकाशाहून कमी नाही.