नाईक यशवंत घाडगे : कोकणातून इटलीपर्यंत

दरवर्षी 9 मे रोजी इस्राएलमध्ये नाझी जर्मनीवरील विजयाचा दिवस पाळला जातो. छातीवर पदके लावलेले वृद्ध सैनिक, त्यांच्यातले बरेचसे रशियातून आलेले, आपण रस्त्यात पाहतो. या विजयात आपल्या कोकणाचाही वाटा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या पाठात आपण कुलाबा जिल्ह्यातल्या एका सैनिकाची ओळख करून घेऊ. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. रोहेकर, पेणकर, तळकर, दिवेकर, अष्टमकर ही आपली आडनावे ज्या गावांवरून पडली, ती गावे याच जिल्ह्यातली.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. मराठा शेतकऱ्यांचा हा मुलूख. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी, आणि उरलेले आठ महिने हाताला काम नाही. त्यामुळे घरातला एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, एखादा पलटणीत भरती होई. महिन्याला येणाऱ्या मनीऑर्डरवर घर चाले. आपल्या पूर्वजांचेही असेच होते. शनवार तेल्यांची मुलेसुद्धा घाणा सोडून कंपनी सरकारच्या पलटणीत गेली आणि सुभेदार झाली. मुंबईची पहिली मशीद, म्हणजे आपले सिनेगॉग, 1796 साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे लष्करातलेच अधिकारी होते.

यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे. कोकण आणि देशावरच्या तरुणांना तिथे कवायत, नेमबाजी आणि डोंगरात चढण्या-उतरण्याचे शिक्षण मिळे. तिसऱ्या बटालियनचे नाव आधीच गाजले होते. 1941 साली पूर्व आफ्रिकेत एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर तिने मोठा पराक्रम केला होता. तिथे तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे मेजर जनरल झाले आणि इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून आले. घाडगे यांची बटालियन तिथे याच डिव्हिजनमध्ये होती. तोवर ते नाईक झाले होते. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती असलेला हुद्दा. नाईकाच्या हाताखाली सात-आठ रायफलधारी जवानांची एक तुकडी, म्हणजे सेक्शन, असे.

इटलीत तेव्हा काय चालले होते, हे आपण यहुदी म्हणून विशेष लक्षात ठेवले पाहिजे. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली, तेव्हा जर्मन सैन्याने तो देश ताब्यात घेतला. 16 ऑक्टोबर 1943 रोजी, शब्बाथच्या दिवशी, रोममधील हजाराहून अधिक यहुद्यांना घराघरांतून पकडण्यात आले आणि ऑशविट्झला पाठवण्यात आले. त्यांतले परत आले ते फक्त 16. जून 1944 मध्ये दोस्तांच्या फौजांनी रोम सोडवले, पण उत्तरेकडची गावे आणि शहरे जर्मनांच्याच हाती होती, आणि तिथे यहुद्यांची धरपकड चालूच होती. सैन्य जितके पुढे सरके, तितक्या गावांतल्या लपून बसलेल्या माणसांची सुटका होई.

दोस्तांच्या या फौजांत भारताच्या तीन डिव्हिजन होत्या : चौथी, आठवी आणि दहावी. जुलै 1944 मध्ये दहावी डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे चालली होती. तो सगळा भाग डोंगराळ. प्रत्येक टेकडीवर जर्मनांचे मोर्चे, आणि मोर्च्यांतून मशीनगन रोखलेल्या.

10 जुलै 1944. माणगावकडे हे भाताच्या लावणीचे दिवस. टायबरच्या खोऱ्यात त्या दिवशी मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. नाईक घाडगे यांची तुकडी पुढे असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत तुकडीतले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले फक्त घाडगे. मागून कोणी येणार नाही हे त्यांना दिसत होते. आडोसा घेऊन थांबले असते, तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

ते थांबले नाहीत. एकटेच मशीनगनच्या दिशेने धावत गेले. आधी त्यांनी हातबाँब टाकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक दोन्ही निकामी झाले. मग हातातल्या टॉमीगनने त्यांनी दुसऱ्या एकाला गोळी घातली. तेवढ्यात गोळ्या संपल्या आणि नवीन भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून, तिच्या दस्त्याच्या घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांना संपवले. ठाणे हाती आले. पण दूर दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. त्यांचे वय तेव्हा 22 वर्षांचे होते.

नोव्हेंबर 1944 मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातला शौर्यासाठीचा हा सर्वांत मोठा मान. दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. इटलीच्या लढाईत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले 6 भारतीय सैन्याच्या जवानांना मिळाले. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणखी एक शिपाई होते. अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणले आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्या वसंतात याच सेनिओ नदीच्या आघाडीवर ज्यूइश ब्रिगेडही लढत होती. त्या वेळच्या पॅलेस्टाइनमधून, म्हणजे आजच्या इस्राएलमधून गेलेले हे यहुदी सैनिक आणि कोकण-देशावरचे मराठे, दोघेही एकाच आठव्या आर्मीत होते. 2 मे 1945 रोजी इटलीतले युद्ध संपले आणि 8 मे रोजी युरोपातले.

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता. 1942 साली देशात चले जाव चळवळ झाली, अनेक देशभक्त तुरुंगात होते, आणि 1943 साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. अशा वेळी सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते, आणि त्यांतले 87 हजारांहून अधिक परत आले नाहीत. हे सैन्य परक्या सरकारचे होते म्हणून स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे या जवानांची आठवण फारशी काढली गेली नाही. पण ज्यांच्या दारातून जर्मन सैन्य हटले, त्यांच्यासाठी ती सुटका खरीच होती. पळसगावच्या तरुणाला ऑशविट्झचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही ज्या राजवटीने आपल्या लोकांचा संहार मांडला होता, तिला मागे रेटणाऱ्यांत तो होता. हे ऋण आपण विसरू नये.

नाईक घाडगे यांची वेगळी कबर नाही. इटलीतील कासिनो येथील स्मारकावर, ज्यांचे दफनस्थान माहीत नाही अशा सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. आणि जुलै 2023 मध्ये टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत.

घरी बोलण्यासाठी

1. तुमचे आडनाव कोणत्या गावावरून आले? नकाशात ते गाव आणि माणगाव शोधा.
2. तुमच्या घराण्यात कोणी भारतीय सैन्यात होते का? आजी-आजोबांना विचारा आणि त्यांचे नाव, हुद्दा व पलटण वहीत लिहून आणा.
3. परक्या सरकारच्या सैन्यात लढलेल्या जवानाचा मान राखावा का? आपले मत पाच वाक्यांत मराठीत लिहा.