स्वतःचंच नाव कोर्टात हरला आणि ऑडीचा जन्म झाला

छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत ज्या ऑडी गाड्यांची जुळणी होते, त्यांच्या नावामागं एका लोहाराच्या पोराचा किस्सा आहे.

ऑगस्ट हॉर्च. जन्म १८६८, जर्मनीतलं विनिंगेन गाव. कार्ल बेंझच्या कारखान्यात नोकरी केली आणि १८९९ साली स्वतःच्या नावानं कंपनी काढली. पण पुढं संचालकांशी बिनसलं आणि १९०९ मध्ये गडी आपल्याच कंपनीतून बाहेर पडला.

काही आठवड्यांतच त्यानं दुसरी कंपनी उभी केली, तीही हॉर्च नावानंच. जुन्या कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. निकाल लागला, नाव जुन्या कंपनीचं.

नवं नाव शोधायला मित्राच्या घरी बैठक बसली. तिथं अभ्यास करत बसलेल्या मित्राच्या पोरानं तोडगा काढला. जर्मनमध्ये हॉर्च म्हणजे ऐक. त्यालाच लॅटिनमध्ये म्हणतात ऑडी.

१९३२ मध्ये ऑडी आणि हॉर्चसह चार कंपन्या एकत्र आल्या. लोगोतली चार वर्तुळं त्यांचीच.

१९५१ मध्ये हॉर्च गेला. पावसात, बर्फात चारही चाकांनी रस्ता धरणारी, गाडीवेड्यांची लाडकी क्वाट्रो आली १९८० साली. ती त्यानं पाहिली नाही. पण तिच्यावर नाव त्याचंच होतं, फक्त लॅटिनमध्ये.