क्लेसी कमिन्स : डिझेलला ट्रकमध्ये बसवणारा शोफर

मंडळी, टेक्सासमध्ये राहून ट्रकबद्दल काहीच मत नसणं म्हणजे पुण्यात राहून मिसळीबद्दल मत नसण्यासारखं आहे! आपल्या शुगर लँडमधून जाणाऱ्या हायवे ५९ वर बोटी ओढणारे, घोड्यांचे ट्रेलर नेणारे, बांधकामाचं सामान लादलेले पिकअप ट्रक रोजच दिसतात. त्यातल्या मोठ्या रॅम ट्रकांच्या अंगावर कमिन्स अशी अक्षरं असतात. पुण्याहून आलेले आई-बाबा ती वाचून हमखास विचारतात, की हे आपल्या कोथरूडचं कमिन्स का? हो, तेच. पण मुळात हे एका माणसाचं नाव आहे. कामाचा ट्रक घेताना डिझेल घ्यावं की गॅस (म्हणजे आपलं पेट्रोल), हा इथला कधीही न संपणारा वाद. त्याचं उत्तर या माणसाच्या आयुष्यात बऱ्यापैकी सापडतं.

क्लेसी लाइल कमिन्सचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. शाळा जेमतेम आठवीपर्यंत. पण यंत्राचं वेड जबरदस्त! अकराव्या वर्षी त्याने लाकडाचे साचे स्वतः कोरले, लोखंडाचं ओतकाम केलं आणि वाफेचं इंजिन बनवलं. १९०८ साली तो कोलंबस नावाच्या छोट्या गावात विल्यम अर्विन या बँकरकडे शोफर म्हणून लागला. मोटार चालवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे काम. पोराच्या हातात कसब आहे हे मालकाने ओळखलं आणि त्याला वर्कशॉप काढून दिलं.

इथे डिझेलबद्दल थोडं सांगायला हवं. गॅस इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने ठिणगीच काढून टाकली. नुसती हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबायची. ती इतकी तापते की इंधनाचा फवारा आत गेला की आपोआप पेट घेतो. जास्त दाब म्हणजे तेवढ्याच इंधनात जास्त काम. पण तो दाब सोसायला इंजिन दणकट लागतं, म्हणून ते जड आणि महाग. त्यामुळे सुरुवातीला डिझेल राहिलं ते जहाजांत आणि कारखान्यांत. रस्त्यावर सगळं राज्य गॅसचं.

३ फेब्रुवारी १९१९ ला अर्विनच्या पैशावर कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली. सीअर्स रोबक या बड्या दुकानाने शेतीसाठी छोटी इंजिनं विकायला घेतली. क्लेसीला वाटलं, नशीब उघडलं! पण झालं भलतंच. सीअर्सचा माल पसंत नसेल तर परत करता यायचा. शेतकऱ्यांनी हंगामापुरतं इंजिन वापरलं आणि दिलं परत पाठवून! त्यातून ही इंजिनं नाजूक, आणि ती जाणणारा मेकॅनिक जवळपास नाही. कंपनी बुडायच्या बेताला आली. पुढची काही वर्षं तिने बोटींची इंजिनं बनवून कसेबसे दिवस काढले, आणि अर्विन पैसे घालत राहिला.

मग आली १९२९ ची मंदी. बोटींचा धंदाही बसला. अर्विनचं मन वळवायला क्लेसीने एक नामी युक्ती केली. त्याने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत बोटीचं डिझेल इंजिन बसवलं आणि त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी मालकाला फेरफटका मारून आणलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले क्लायंटला डेमो देतो ना, अगदी तस्सा! लगेच जानेवारी १९३० मध्ये तीच गाडी त्याने सुमारे ८०० मैल चालवत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला नेली. इंधनाचा खर्च किती? एक डॉलर अडतीस सेंट! प्रदर्शनात जागा मिळाली नाही, तर पठ्ठ्याने जवळच गाडी मांडली.

१९३१ साली त्याची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली. नंबर आला तेरावा. पण अख्खी शर्यत ती एकदाही न थांबता धावली. बाकीच्यांना टायर आणि इंधनासाठी थांबावं लागलं, ही गाडी चालतच राहिली. ज्यांचा धंदाच मैलांवर चालतो त्या ट्रकवाल्यांनी यातून काय ते ओळखलं. त्याच वर्षी क्लेसीने डिझेल ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेला. इंधन लागलं ११ डॉलर २२ सेंटचं.

पण त्याच प्रवासात जिवावर बेतलं होतं. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटात उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी झाले. गॅस इंजिनात थ्रॉटल बंद केलं की इंजिनच गाडीला थोडं मागे ओढतं. डिझेलमध्ये तसं थ्रॉटल नसतं, त्यामुळे गाडी मोकाट सुटते. घाटाच्या पायथ्याशी रूळ, आणि त्यावरून मालगाडी चाललेली! ट्रक अगदी थोडक्यात वाचला. ही भीती क्लेसीच्या मनातून कधी गेली नाही. कंपनीतून बाहेर पडल्यावर, साठीच्या घरात, तो पुन्हा या प्रश्नाकडे वळला. हवा पूर्ण दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे दाबलेली हवा निघून जाते आणि इंजिन गाडीला ढकलण्याऐवजी अडवतं. जेकब्स कंपनीने १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आणला. तोच प्रसिद्ध जेक ब्रेक! उतारावर मोठ्या ट्रकचा धडधडधड आवाज येतो ना, तो त्याचाच. आज अनेक गावांच्या वेशीवर तो वापरू नका म्हणून पाट्या असतात, पण घाटात त्याने कितीतरी ड्रायव्हर सुखरूप घरी पोचवलेत.

इकडे मंदीत सेंट न् सेंट मोजणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या वाहतूकदारांनी गॅस इंजिनं काढून कमिन्स बसवायला सुरुवात केली होती. १९३३ मध्ये केनवर्थने कारखान्यातूनच डिझेल ट्रक देऊ केले. आणि कंपनीला पहिला नफा झाला १९३७ साली. स्थापनेनंतर तब्बल अठरा वर्षांनी! आजचा कुठला इन्व्हेस्टर इतका थांबेल, सांगा!

१९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स कंपनी स्थापन झाली. १९२६ साली एमआयटीतून इंजिनिअर होऊन परतलेल्या शंतनुराव किर्लोस्करांनी आधीच डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचवलं होतं. आता अवजड कामाची मोठी इंजिनंही पुण्यात होऊ लागली. पुढे किर्लोस्कर बाजूला झाले आणि कमिन्स इंडिया हे नाव राहिलं. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. इथे आयटीत काम करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी तिथल्याच. क्लेसी १९६८ साली गेला. आठवी शिकलेल्या माणसाच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज निघेल, हे त्याला कुठे ठाऊक होतं!

आता मूळ प्रश्न. सीअर्सच्या शेतकऱ्याकडे जे डिझेल अपेशी ठरलं, तेच ट्रकमध्ये यशस्वी झालं. यंत्राचा सिद्धांत तोच, काम मात्र वेगळं. हाच हिशेब आजही लागू पडतो. रोज जड ट्रेलर ओढून लांबचे मैल तोडायचे असतील तर डिझेलचा कमी वेगातला जोर आणि इंधनातली बचत कामाला येते. १९८९ पासून त्या मोठ्या पिकअपमध्ये कमिन्स मिळतं ते याच गिऱ्हाइकांसाठी. पण मुलांना शाळेत सोडायचं, कॉस्टकोत जायचं आणि वर्षातून दोनदा ट्रेलर लावायचा असेल तर गॅसच बरं. डिझेलसाठी सुरुवातीलाच हजारो डॉलर जास्त पडतात, दुरुस्तीही महाग. शिवाय २००७ नंतरच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आणि २०१० नंतर बहुतेकांना युरियाचं द्रावण लागतं. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च वाढतो. म्हणूनच फोर्डने २०२० मध्ये अवजड ट्रकसाठी ७.३ लिटरचं नवं गॅस इंजिन काढलं, तेही खपलं.

तेव्हा डीलरकडे जाण्याआधी वर्षाचे मैल किती, ओझं किती आणि एका फेरीचं अंतर किती, हे तीन आकडे कागदावर मांडा. शेजाऱ्याचा ट्रक बघून ठरवू नका. क्लेसीने मालकाला पटवलं ते गाडीत बसवून आणि वाहतूकदारांना पटवलं ते इंधनाचा हिशेब दाखवून. आपणही आपला हिशेब मांडूनच ट्रक घ्यावा, हे उत्तम!